‘व्हीलचेअरला खिळलेली’ असे लिहावे का?

इंदूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ‘रन’ या किशोरवयीन नायिकेच्या मानसशास्त्रीय थरारपटाचे मराठीत परीक्षण लिहिताना तिने नायिकेचे वर्णन ‘व्हीलचेअरला खिळलेली, अपंगत्वाने ग्रस्त मुलगी’ असे केले. घरात कोणी ‘विकलांग’ सुचवले, कोणी ‘दिव्यांग’. यांतले योग्य काय, असे ती विचारते; शिवाय पडद्यावरील अपंगांच्या ‘प्रतिनिधित्वा’चाही तिने उल्लेख केला आहे.

माझा आक्षेप नामापेक्षा ‘खिळलेली’ या शब्दावर अधिक आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. ‘अंथरुणाला खिळणे’ हा आपला रूढ वाक्प्रचार आहे आणि ज्याला अंथरुणातून उठताच येत नाही त्याच्याबाबतीत तो चपखलही बसतो. खिळा ठोकला की वस्तू जागची हलत नाही, ही त्यामागची कल्पना. त्याच सवयीने आपण अंथरुणाच्या जागी व्हीलचेअर घालतो तेव्हा मात्र अर्थ उफराटा होतो, कारण ती खुर्ची हिंडण्याफिरण्यासाठीच असते. इंदूरच्या रामबाग किंवा नारायण बागेतल्या एखाद्या जुन्या मराठी घरात व्हीलचेअर येताना पाहावी: अंगणातून ती सहज येते, उंबरठ्याशी पुढची दोन लहान चाके अडतात आणि कोणालातरी मागून खुर्ची कलती करून ती वर घ्यावी लागतात. अडवणूक उंबरठा करतो, आणि ‘खिळलेली’ म्हटल्याने दोष खुर्चीच्या माथी बसतो.

अनीश चगंटी यांच्या या २०२० मधील चित्रपटाच्या बाबतीत तर हा शब्द कथानकावरच अन्याय करतो. सतरा वर्षांची क्लोई घरीच शिकते, विद्यापीठाच्या पत्राची वाट पाहते, आणि आई देत असलेल्या एका नव्या गोळीविषयी तिला संशय येतो. आई तिला खोलीत कोंडते तेव्हा ती खिडकीतून बाहेर पडून छपरावरून सरपटत दुसऱ्या खिडकीपर्यंत जाते, सोल्डरिंगच्या उपकरणाने काच तापवते आणि तोंडात धरून आणलेले पाणी तिच्यावर सोडून ती तडकवते. अशा मुलीला ‘खिळलेली’ म्हणायचे तरी कसे? तिला कोंडून ठेवणारी तिची आई आहे, आणि चित्रपटाचा सारा थरार त्यातूनच निर्माण होतो.

‘ग्रस्त’ हा शब्दही टाळावा. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त हे शब्द ओढवलेल्या आपत्तीचे आहेत. जी व्यक्ती आपल्या शरीरासह रोजचे आयुष्य जगते तिला कायमची आपद्ग्रस्त ठरवणे योग्य नाही. पडद्यावरील अपंग व्यक्तींच्या चित्रणाविषयी सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी दिलेल्या निकालातही ‘ग्रस्त’, ‘पीडित’ या वळणाची भाषा टाळावी, कारण ती समाजाने उभे केलेले अडथळे नजरेआड करते, असे मार्गदर्शन आहे.

आता नामांकडे वळू. ‘विकलांग’ हा शुद्ध संस्कृत शब्द असला तरी इंदूरच्या मराठीत तो हिंदीच्या सहवासाने अधिक रुळला आहे. त्यात चूक काही नाही, पण ‘विकल’ म्हणजे उणे, ही छटा त्याला चिकटलेली राहते. ‘दिव्यांग’ हा शब्द डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचवल्यानंतर सरकारी व्यवहारात स्थिरावला, २०१६ च्या कायद्याचे हिंदी नावही ‘दिव्यांगजन अधिकार अधिनियम’ असेच आहे, आणि अर्जात किंवा प्रमाणपत्रात तो वापरावाच लागतो. परीक्षणात मात्र मी तो वापरणार नाही. अंगाला ‘दिव्य’ म्हटल्याने रॅम्प बांधला जात नाही, आणि ज्यांच्याविषयी तो वापरला जातो त्यांच्यातील अनेकांना तो नको आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या समितीनेही २०१९ मध्ये तो वादग्रस्त असल्याची नोंद केली. मराठीत ‘अपंग’ हा शब्द सरळ आणि सर्वांना कळणारा आहे. फक्त तो विशेषण म्हणून वापरावा. ‘अपंग मुलगी’ म्हणावे, नुसते ‘एक अपंग’ म्हणू नये.

प्रश्नात ‘प्रतिनिधित्व’ हा शब्दही आला आहे. परीक्षणात ‘चित्रण’ आणि ‘प्रतिनिधित्व’ वेगळे ठेवावेत. क्लोईचे पात्र कसे लिहिले, हा चित्रणाचा प्रश्न; ती भूमिका कोणाला मिळाली, हा प्रतिनिधित्वाचा. क्लोई साकारणारी कीरा ॲलन ही अभिनेत्री प्रत्यक्ष जीवनात व्हीलचेअर वापरते. १९४८ च्या ‘द साइन ऑफ द रॅम’मध्ये प्रत्यक्षातही व्हीलचेअर वापरणारी सुझन पीटर्स प्रमुख भूमिकेत होती, त्यानंतर थरारपटांत असे क्वचितच घडले. चित्रणाबाबत मात्र मतभेदाला जागा आहे, कारण नायिकेच्या अपंगत्वाचे कारणच कथेतील रहस्य बनवले आहे, आणि असे रहस्य उलगडताना अपंगत्व म्हणजे कोणाच्या तरी दुष्कृत्याचे फळ, असा समज पसरू शकतो. यावर आपण परीक्षणात एक परिच्छेद अवश्य लिहावा.

वाक्य असे करता येईल: ‘व्हीलचेअर वापरणारी सतरा वर्षांची क्लोई आईच्या पहाऱ्यातून सुटण्यासाठी धडपडते.’ या वाक्यात ‘अपंग’ हा शब्द वेगळा घालण्याचीही गरज उरत नाही.