४.६ रेटिंगची गाडी आणि लपवलेला अपघात

प्रश्न: मी साताऱ्यात राहतो. चार महिन्यांपूर्वी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीकडून ४ लाख ८५ हजारांना पेट्रोल हॅचबॅक घेतली. तपासणी अहवालात ५ पैकी ४.६ रेटिंग आणि ‘अपघात नाही’ असा शेरा होता. गाडी डावीकडे ओढते म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली, तर पुढचा डावा अ‍ॅप्रन (चाकाजवळचा, सांगाड्याचा भाग असलेला आतला पत्रा) कापून वेल्डिंग केल्याचं दिसलं. त्यांच्या जॉब कार्डवर आधीच्या मालकाच्या काळातलं विम्याचं मोठं काम आहे. कंपनी म्हणते, ‘आम्ही फक्त मध्यस्थ. रेटिंग हे आमचं मत. सात दिवसांची परतीची मुदत संपली. वाद असेल तर दिल्लीच्या लवादाकडे जा.’ रेटिंग नेमकं काढतात कसं आणि माझे पैसे परत मिळतील का?

उत्तर: तुमची बाजू चांगली आहे, फक्त ४.६ या आकड्यावर भांडू नका. ‘अपघात नाही’ हा शेरा धरून ठेवा.

कारण रेटिंग काढण्याच्या पद्धतीतच आहे. तपासनीस ठरलेल्या यादीप्रमाणे इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, ब्रेक, एसी, टायर, काचा, बॉडी अशा शे-दोनशे बाबी पाहतो आणि प्रत्येकीपुढे ठीक, किरकोळ दोष किंवा मोठा दोष असं टिपतो. प्रत्येक गटाला कंपनीने ठरवलेलं वजन असतं आणि शेवटी सगळ्याची सरासरी निघते. समजा, बॉडीला १०० पैकी २० गुण आहेत आणि बॉडीच्या ४० बाबी आहेत. अ‍ॅप्रनचे सगळे गुण कापले तरी एकूण गुणांतला अर्धा गुण जातो, म्हणजे ५ च्या मोजपट्टीवर ०.०२५. नवे टायर आणि थंडगार एसी ती तूट सहज भरून काढतात. त्यामुळे ‘अ‍ॅप्रन धरूनच ४.६ आले’ असं कंपनी उद्या म्हणू शकते, आणि गणिताने ते खरंही असू शकतं.

जपानमधल्या गाड्यांच्या लिलावात यावर चांगला तोडगा आहे. सांगाड्याची दुरुस्ती झालेल्या गाडीला तिथे सहसा ४ किंवा ४.५ असा दर्जा मिळत नाही, तपासणीपत्रकावर सरळ ‘आर’, म्हणजे ‘दुरुस्त केलेली’, असं लिहितात. मग बाकी गाडी कितीही चकचकीत असो. अपघाताची नोंद सरासरीत विरघळू देता कामा नये, असं माझंही ठाम मत आहे, कारण सांगाड्याचा संबंध आत बसणाऱ्यांच्या जिवाशी आहे.

आता कायदा. अपघात झाला की नाही, हे मत नसून वस्तुस्थिती आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे मालाच्या दर्जाबद्दल खोटं विधान करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि कलम २(११) प्रमाणे महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं ही सेवेतली त्रुटी. ‘तुम्ही चालवून पाहिली होती’ हा बचावही येईल. मालविक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये तपासणीत दिसायला हवा असा दोष खरेदीदाराच्या माथी मारता येतो, हे खरं. पण बंपर आणि लायनिंगच्या मागचं वेल्डिंग सामान्य माणसाला टेस्ट ड्राइव्हमध्ये दिसत नाही. ते पाहण्यासाठीच तर तुम्ही त्यांच्या तपासणीवर विसंबलात.

‘आम्ही मध्यस्थ’ हे उत्तर तपासून घ्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकाऱ्याचं अधिकारपत्र लागतं. मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची रीतसर सूचना गेली की तो गाडीचा मानीव मालक ठरतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक धरतो. आरटीओकडून ती सूचना कोणाच्या नावाने आहे हे काढा; कंपनीच्या नावाने असेल तर ‘मध्यस्थ’ हे उत्तर टिकणं अवघड. लवादाच्या कलमाची धास्ती नको. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अशा कलमामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ मुळे तुम्ही राहता तिथेच, साताऱ्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही.

सगळ्यात कळकळीची सूचना: गाडी आत्ता दुरुस्त करू नका. अ‍ॅप्रन पुन्हा ठोकून सरळ केला की पुरावाच गेला. सर्व्हिस सेंटरकडून सही-शिक्क्याचा लेखी अहवाल, फोटो आणि पेंटची जाडी मोजल्याची नोंद घ्या. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, आणि पुटी भरून रंगवलेल्या पत्र्यावर आकडा बराच वर जातो. गाडीच्या जाहिरातीचं पान, तपासणी अहवाल, चॅट, पावत्या आजच उतरवून ठेवा आणि अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. त्याच पत्रात मूळ तपासणी पत्रक, तपासनिसाचे फोटो आणि गुणांचं वजन मागा. बहुधा देणार नाहीत. आयोगाला कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, तिथे रीतसर अर्ज करा. अ‍ॅप्रनपुढे तपासनिसाने ‘दुरुस्त’ लिहिलं असेल आणि तुम्हाला दिलेल्या प्रतीत ते गाळलं असेल, तर दडवणूक त्यांच्याच कागदाने सिद्ध होते.

मागणी दोन पायऱ्यांची ठेवा: गाडी परत घेऊन व्याजासह पूर्ण रक्कम, आणि ते मान्य न झाल्यास अपघातग्रस्त गाडीच्या बाजारभावाशी असलेला फरक व नुकसानभरपाई. चार महिने वापर झाल्याने आयोग काही वजावट करू शकतो, याची तयारी ठेवा. आयोगात तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे, ती गाडी ताब्यात आल्याच्या दिवसापासून धरून चाला. पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येते, पण कंपनीला आधीपासून माहीत होतं हे दाखवणारा कागद हाती येईपर्यंत तिथे घाई नको.

गाडीवर कर्ज असेल तर हप्ता थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आहे, आणि भरलेलं व्याज नुकसानभरपाईत मागता येतं.