रेतीवर टेन्ट लावायच्या आधी गावच्या पोलीस पाटलांना भेटा (वैनगंगेकाठच्या मुक्कामाबद्दल)

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. दिवाळीच्या आधीचा शनिवार-रविवार, दोन पोरं, सोबत आई-बाबा, वैनगंगेच्या काठी एक रात्र टेन्टमध्ये, गळ टाकून मासे धरायचे, आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की "टेन्ट रेतीवरच लावू, मऊ असते, पोरांना खेळायलाही बरं." सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्येच मी बायकोला अगदी हेच म्हटलं होतं. त्यामुळे टेन्ट किती माणसांचा, गळ कोणत्या नंबरचा, हे बाकीचे सांगतीलच, मी पाण्याबद्दल सांगतो.

आमची नदी कोणती आणि धरणाचं ऑफिस कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही, नावं घेऊन आता काही होणार नाही. जागा धरणाच्या खाली होती, गाडीच्या रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर. मी चौकशी न करता गेलो असंही नाही. शुक्रवारी धरणाच्या ऑफिसात फोन लावला, आम्ही उद्या अमुक गावाजवळ पात्रात मुक्कामाला आहोत, पाणी सोडणार आहे का म्हणून स्पष्ट विचारलं. तिकडून उत्तर आलं, "आमच्याकडे तसा काही मेसेज नाही, तहसीलला विचारा." तहसीलला लावला तर ते म्हणाले धरणवाल्यांनाच विचारा. परत पहिल्या नंबरवर लावला तर साहेब नाहीत, सोमवारी करा. आणि मी काय केलं, "मेसेज नाही" याचा अर्थ "पाणी येणार नाही" असा धरला. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. मेसेज नाही म्हणजे फक्त त्या टेबलावरच्या माणसाला माहीत नाही, एवढंच.

दुसरी चूक संध्याकाळची. आमच्यापासून शंभर पावलांवर एक म्हातारे ढिवर (मासेमारी करणारे) काका होते, दुपारी पोरांना त्यांनीच गळाला गांडूळ लावायला शिकवलं. दिवस मावळायच्या वेळी त्यांनी आणि त्यांच्या मुलाने डोंगा (छोटी होडी) ओढत ओढत पार वर काठाच्या उंच दरडीपर्यंत नेला आणि बाभळीच्या बुंध्याला दोराने बांधला. मी बघत होतो, चुलीवर वांगी भाजत होतो, वाटलं आजचं काम संपलं असेल. का हो काका, डोंगा इतक्या वर कशाला, एवढं विचारायला दोन मिनिटं लागली नसती.

रात्री साडेतीनच्या सुमारास बायकोला चटईखालून गार लागलं म्हणून ती उठली. टॉर्च लावली तर पाणी टेन्टच्या दारात. आवाज नाही, लाट नाही, काही नाही, नुसता फेस आणि काड्या आणि त्यात पोराची एक चप्पल गोल फिरत होती. आम्ही झोपलो होतो तो रेतीचा उंचवटा होता, म्हणूनच ती जागा निवडली होती, पण उंचवट्याच्या मागे काठाकडे जो सखल पट्टा असतो ना, दिवसा ज्यातून आपण कोरड्या पायाने चालत येतो, तो आधी भरतो. म्हणजे पाणी समोरून दिसायच्या आत मागची वाट बंद झालेली असते. हे कोणी सांगत नाही. पोरं खांद्यावर घेऊन मांडीएवढ्या पाण्यातून निघालो, आई दरडीवर चढताना घसरली आणि तिचं मनगट मोडलं. टेन्ट, स्टोव्ह, वडिलांचा जुना गळ, सगळं गेलं, त्याचं काही नाही. पण आईला अजूनही भाकर थापताना हात पूर्ण वळवता येत नाही आणि ती परत कधी नदीवर आली नाही.

सकाळी ढिवर काका म्हणाले, "मले वाटलं तुमी रात्री गाडीतच झोपता जी. पाणी येऊन राह्यलं हे तर गावात सांगितलं होतं ना." गावात दवंडी झालेली होती! आणि सोमवारी मी त्या ऑफिसात गेलो तर मलाच विचारलं की पात्रात मुक्काम करायला परवानगी कोणी दिली. बरोबर आहे, पात्रात झोपायला नको होतं. पण मी शुक्रवारी जागा सांगून विचारलं तेव्हा "पात्रात झोपू नका" हे तीन शब्द बोलायला काय जात होतं?

नंतर चौकशी केली तेव्हा लक्षात आलं की पाण्याचा इशारा गावागावाने जातो. धरणाकडून तहसीलला, तिथून तलाठी, पोलीस पाटील, मग कोतवाल दवंडी देतो. रेतीवर झोपलेलं नागपूरचं कुटुंब कुठल्याच गावात मोडत नाही. भोंगा धरणाजवळ वाजतो, वीस किलोमीटर खाली काय ऐकू येणार. म्हणून माझं म्हणणं, गावात पोचल्यावर सगळ्यात आधी पोलीस पाटलांना भेटा, आज रात्री आम्ही इथे आहोत सांगा, तुमचा नंबर द्या, त्यांचा घ्या. मग काठावर जे ढिवर बांधव असतील त्यांना विचारा. माझा तरी ऑफिसच्या फोनपेक्षा यांच्यावर जास्त विश्वास आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आणि आकाशाकडे बघून ठरवू नका. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला जो पूर आला तो मध्य प्रदेशातल्या पावसाने आणि तिकडून सोडलेल्या पाण्याने आला होता, भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. पेंच नदीचंही तसंच, वर चौराई धरण, मग तोतलाडोह, मग नवेगाव खैरी, मग ते पाणी कन्हान नदीला आणि कन्हान पुढे वैनगंगेला. ऑक्टोबर तर फसवा महिना आहे, पाऊस गेला असं आपल्याला वाटतं पण धरणं काठोकाठ असतात, वर एक परतीचा पाऊस झाला की ठेवायला जागा नाही, दारं उघडावीच लागतात. जमत असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. तेव्हाही पात्रात नाही.

मग झोपायचं कुठे? दरडीच्या वर, शेतमालकाला विचारून शेतात, नाहीतर देवळाच्या आवारात. काठावरच्या झाडांच्या फांद्यांत अडकलेलं वाळलं गवत आणि प्लास्टिकच्या पन्न्या बघा, यंदा पाणी कुठवर आलं होतं ते तिथेच दिसतं, त्याच्या वर टेन्ट लावा. दिवसा रेतीवर बसलात तरी पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवा आणि तासाभराने बघत राहा. रेतीघाट (रेती उपसायची जागा) जवळ असेल तर ती जागा सोडा, उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, पोरं गुडघाभर पाण्यातून एकदम डोक्यावर पाण्यात जातात, शिवाय रात्री टिप्पर पात्रातून फिरतात. ब्रह्मपुरीच्या बाजूला वाघामुळे टेन्टचा विचारच करू नका, हे माझं मत, कोणाला पटो न पटो.

माशांचं विचारलंच आहे तर थोडक्यात. धरणाचा जलाशय किंवा मामा (माजी मालगुजारी) तलाव असेल तर तो बहुतेक मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असतो, विचारल्याशिवाय गळ टाकू नका, अभयारण्यात तर अजिबातच नाही. रोहू-मृगळला कणकेत शेंगदाण्याची ढेप मळून छोटा गोळा लावा, मृगळ तळाशी चरतो म्हणून गळ खाली जाऊ द्या. मरळ पाहिजे असेल तर वाहत्या पाण्यात वेळ घालवू नका, शेवाळाच्या संथ कडेला बसा. आणि शिंगाडा मासा लागला तर पोरांना हात लावू देऊ नका, पाठीवरचा आणि बाजूचे काटे खोल रुततात, ओल्या फडक्याने धरून काढा.

तारीख पक्की झाली की कोणत्या गावाजवळ जाताय ते इथे लिहा. पवनीच्या बाजूला असेल तर तिकडे माझी ओळख आहे, आदल्या दिवशी मी स्वतः फोन करून पाण्याचं विचारून सांगतो.