वाचक विचारतात : चार फुटांच्या पट्टीत कोणता बांबू लावावा?

प्रश्न : ताई, आम्ही बोरिवलीला तळमजल्यावर राहतो. खिडक्यांसमोर, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये ३० फूट लांब आणि ४ फूट रुंद मातीची पट्टी आहे. भिंतीपलीकडून रस्ता सुरू झाल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर थेट स्वयंपाकघरात येते. नर्सरीवाले म्हणतात पिवळा बांबू लावा, भराभर वाढतो. सोसायटीने होकार दिला आहे. लावू का?

उत्तर : पिवळा लावू नका. एवढं ठामपणे सांगते, कारण तो मी लावून पाहिला आहे. मुलुंडला आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला, भिंतीपासून जेमतेम दीड फुटावर, मी त्याची तीन रोपं लावली होती. पिशवीतल्या रोपाची काडी करंगळीएवढी होती. सोन्यासारखा पिवळा रंग, त्यावर कुणी कुंचल्याने ओढाव्यात तशा हिरव्या रेघा. पहिली दोन वर्षं सगळी इमारत बघायला यायची. तिसऱ्या पावसाळ्यात मनगटाएवढे कोंब वर आले. बांबूचा कोंब ज्या जाडीचा निघतो, तीच त्या काठीची कायमची जाडी. ती झाडासारखी नंतर भरत जात नाही. पण दर वर्षीचे नवे कोंब आदल्या वर्षीपेक्षा जाड येतात आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतात. जमिनीतला पिवळा बांबू ३०-४० फूट सहज जातो. पाचव्या वर्षी बेटाने, म्हणजे एकत्र वाढलेल्या काठ्यांच्या झुबक्याने, पेव्हर ब्लॉक उचलले, चेंबरचं झाकण तिरपं केलं. ते गड्डे पहारीने खणून काढायला तीन माणसांना दोन दिवस लागले, आणि कोंबांच्या आवरणावरची तपकिरी कुसं लागून तिघांचेही हात लाल झाले. झाडाचा काही दोष नव्हता. मी रंग बघून निवडला, जागा मोजली नाही.

नर्सरीत ‘हा बेट करणारा आहे, पसरत नाही’ असं सांगतात. ते अर्धं खरं आहे. जमिनीखालून लांब धावणारे बांबू बहुतेक थंड मुलखातले असतात, आपल्याकडे मिळतात ते बहुतेक बेट करणारेच. पण बेटही दर वर्षी बाहेरच्या बाजूने वाढतं. मोठ्या जातीच्या बेटाला आठ-दहा फूट मोकळी जागा लागते. तुमच्याकडे चारच आहे.

तुमच्या पट्टीला बांबुसा मल्टिप्लेक्स लावा. नाव चिठ्ठीवर लिहून न्या, कारण नुसतं ‘हेज बांबू’ म्हटलं की काहीही हातात पडतं. काठी बोटाएवढी, पानं बारीक आणि दाट, आणि उंची १०-१५ फुटांवर छाटून राखता येते. पिवळ्याचा मोह असेल, तर मल्टिप्लेक्सचीच ‘अल्फॉन्स कार’ ही जात मागा. पिवळ्या काठीवर हिरव्या रेघा असतातच, शिवाय कोवळ्या काठीवर उन्हात गुलाबी झाक येते. सकाळच्या उन्हात ती बघाल, तर मोठ्या पिवळ्याची आठवणही येणार नाही.

अडीच फुटांवर एक याप्रमाणे ३० फुटांना बारा रोपं पुरतात. पट्टीच्या बरोबर मधोमध लावा, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन फूट राहतील, आणि चेंबरच्या आसपासची जागा सोडा. दीड फुटाचा खड्डा, कुजलेलं शेणखत, आणि पहिला पाऊस जमिनीत मुरला की लागवड. रोप घेताना उंची बघू नका. पिशवीत बुंध्याशी किमान तीन-चार काड्या आहेत ना आणि एखादा नवा कोंब दिसतो ना, ते बघा. सात फुटांची एकच काडी असलेलं रोप महाग असतं आणि वर्षभर तसंच उभं राहतं. पहिली दोन वर्षं काही कापू नका. एप्रिल-मे महिन्यांत पान लांबीने सुरळीसारखं मिटलेलं दिसलं, तर झाड पाणी मागतंय असं समजा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होईल, तो पाचोळा बुंध्याशीच राहू द्या. पूर्ण आडोसा व्हायला दोन पावसाळे लागतील, तोवर खिडकीला पडदा लावा.

प्रश्न : दादरला सहाव्या मजल्यावर आमची स्वतःची गच्ची आहे. ड्रममध्ये काळा बांबू किंवा फुगीर पेरांचा बुद्धा बेली लावायची इच्छा आहे. ऑनलाइन ‘ब्लॅक बांबू’ची रोपं मिळतात.

उत्तर : ऑनलाइन त्या नावाने मिळतो तो बहुधा फायलोस्टॅकिस नायग्रा. तो थंडीचा आहे आणि धावणारा आहे. मुंबईच्या दमट उकाड्यात तो रमत नाही. आपल्या हवेत छान होतो तो जावाचा काळा बांबू, पण तो ४० फुटांचा गडी आहे, त्याला गच्चीवर कोंडू नका.

बुद्धा बेली मात्र कुंडीसाठीच जन्मल्यासारखा आहे. जमिनीत भरपूर पाणी मिळालं की त्याच्या काठ्या सरळसोट येतात, मग तक्रार येते की ‘पोट कुठंय?’ मुळं आवळलेली आणि पाणी बेताचं असलं की पेरं आखूड होऊन फुगतात. म्हणून २०० लिटरचा ड्रम आडवा कापून त्याचा अर्धाच भाग वापरा. त्यातली ओली मातीसुद्धा दीडशे किलोच्या वर भरते, तेव्हा असे चार ड्रम ओळीने ठेवण्याआधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारा आणि ते बीमवरच ठेवा. अर्धी माती कमी करून कोकोपीट आणि शेणखत घाला. जूनमध्ये समुद्राकडून वारा सुटतो, त्याआधी काठ्या कठड्याला सैल बांधून घ्या.

प्रश्न : काचेच्या भांड्यातला लकी बांबू बागेत लावला तर वाढेल का?

उत्तर : तो बांबू नाहीच, ड्रॅसीना आहे. सावलीत, कुंडीतल्या मातीत छान वाढेल. कडक ऊन लागलं की पानं भाजतात.

प्रश्न : चेंबूरच्या आमच्या आवारात बांबूचं जुनं बेट आहे. डासांची तपासणी करायला आलेल्यांना कापलेल्या बुंध्यांत अळ्या सापडल्या. आता सगळे म्हणतात, बेटच काढून टाका. माझा जीव तुटतोय.

उत्तर : बेट काढू नका. कुणीतरी काठ्या चुकीच्या जागी कापल्या आहेत. दोन गाठींच्या मध्ये कापलं की खाली पोकळ पेला उरतो. पावसाचं पाणी त्यात साचतं आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला तेवढं पाणी पुरतं. आज संध्याकाळीच टॉर्च आणि बारीक दातांची करवत घेऊन बसा. प्रत्येक खुंट गाठीच्या अगदी लगत, गाठीच्या वरच्या बाजूने कापा, म्हणजे वर सपाट बंद पडदा राहील आणि पाणी ठरणार नाही. करवत पोहोचत नाही अशा खुंटांत वाळू किंवा माती काठोकाठ ठासा. यापुढे तीन वर्षांहून जुन्या काठ्याच कापायच्या, त्याही हिवाळ्यात, आणि बेटाच्या आतल्या भागातल्या. जुनी काठी ओळखायची ती तिच्या निस्तेज, डागाळलेल्या सालीवरून. कोवळी तुकतुकीत असते आणि तिच्या बुंध्याला आवरण चिकटलेलं असतं. पुढच्या तपासणीला येतील, तेव्हा त्यांना तुम्ही स्वतःच बेटाशी घेऊन जा आणि एकेक खुंट दाखवा.