स्केटबोर्डचा पहिला डेक घेताना रुंदी किती असावी आणि लाकडात काय पाहावे?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. आपली उंची ५ फूट ७ इंच आणि बुटाचा क्रमांक ९ असताना डेक (पायाखालची लाकडी फळी) ८ इंच रुंदीचा घ्यावा की ८.२५ इंचांचा, पुण्यात सोसायटीच्या आवारात आणि पुढे स्केटपार्कमध्ये शिकायचे असेल तर लाकूड कसे पारखावे, आणि मित्राकडचा ७.७५ इंचांचा वापरलेला डेक स्वस्तात मिळतो आहे, तो घ्यावा का. मी अनेक वर्षे स्केटिंग करतो आणि नव्याने शिकणाऱ्यांना बोर्ड जुळवून देतो, त्या आधारावर उत्तर देत आहे.

उंचीचा विचार प्रथम बाजूला ठेवावा. विक्रेते बहुधा उंची विचारतात आणि लहान मुलांच्या बाबतीत ते योग्यही आहे. परंतु प्रौढ व्यक्तीच्या डेकची रुंदी प्रामुख्याने पाऊल आणि स्केटिंगचा प्रकार यांवरून ठरते. बोर्डवर आपण आडवे उभे राहतो, त्यामुळे चवडे एका कडेवर आणि टाचा दुसऱ्या कडेवर येतात आणि त्यांच्या दाबानेच बोर्ड वळतो. डेक फार अरुंद असेल तर चवडे आणि टाचा कडेबाहेर राहतात आणि तोल सावरण्यात सारी शक्ती खर्च होते. फार रुंद असेल तर किकफ्लिपसारख्या (उडीत बोर्ड हवेत गरकन फिरवण्याच्या) प्रकारात तो पायाखाली फिरवायला अधिक जोर लागतो. ८ आणि ८.२५ यांतला फरक जेमतेम सहा मिलिमीटरचा आहे, तरी पायाला तो स्पष्ट जाणवतो.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, हा खेळ प्रथम आला तो ‘स्ट्रीट’ आणि ‘पार्क’ अशा दोन प्रकारांत, आणि डेक निवडतानाही हीच विभागणी कामी येते. पायऱ्या, कट्टे, रेलिंग आणि सपाट जमिनीवरचे फ्लिप यांना स्ट्रीट म्हणतात; तेथे ८ ते ८.२५ इंचांचे डेक सर्रास वापरले जातात. पार्कच्या वाडग्यासारख्या उतारांवर वेग मोठा असतो आणि हवेतून खाली येताना पायाखाली भक्कम जागा हवी असते, म्हणून तेथे ८.२५ ते ८.७५ इंचांकडे कल असतो. आपल्याला दोन्ही करून पाहायचे आहे आणि सुरुवातीचे महिने उभे राहणे, ढकलणे आणि वळणे यांतच जाणार आहेत. तेव्हा माझे मत ८.२५ इंचांच्या बाजूने आहे. केवळ फ्लिप शिकण्याची ओढ असेल तर ८ इंचांचा डेकही आपल्या पावलाला चालेल. लांबीची चिंता करू नये. या रुंदीचे डेक साधारण ३१ ते ३२ इंच लांब असतात. तिच्यापेक्षा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ट्रकच्या (डेकखाली चाके धरणाऱ्या जोडणीच्या) आतल्या छिद्रांमधले अंतर, पाहणे अधिक उपयोगी आहे. ते १४ ते १४.५ इंचांच्या दरम्यान असावे. कमी असेल तर बोर्ड चटकन वळतो, जास्त असेल तर वेगात स्थिर राहतो.

डेक एकटा निवडताच येत नाही, ही गोष्ट नवशिक्यांना फार उशिरा सांगितली जाते याचे मला वाईट वाटते. ट्रकचा आस डेकच्या रुंदीइतका हवा, म्हणजे चाकांची बाहेरची बाजू डेकच्या कडेशी जवळजवळ एका रेषेत येते. चाके आत राहिली तर कडेवर दाब देताच बोर्ड कलंडू पाहतो आणि बाहेर आली तर ढकलताना पाय त्यांना लागतो. पाव इंचापर्यंतचा फरक चालून जातो, त्याहून अधिक नको. ट्रकवरचे आकडे मात्र गोंधळात टाकतात. उदाहरणार्थ, इंडिपेंडंट कंपनीच्या ट्रकचे १३९, १४४ आणि १४९ हे क्रमांक इंचांत नाहीत. त्यांचे आस अनुक्रमे ८, ८.२५ आणि ८.५ इंचांच्या डेकसाठी असतात. आपल्याला यांपैकी १४४ जुळेल. दुसऱ्या कोणत्याही कंपनीचे ट्रक घेतले तरी दुकानदाराला आसाची लांबीच विचारावी.

आता लाकूड. चांगला डेक उत्तर अमेरिकेतल्या कठीण जातीच्या मेपलचा असतो. कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवरील पंचमहासरोवरांच्या थंड प्रदेशात हे झाड सावकाश वाढते, त्यामुळे त्याचे लाकूड घट्ट आणि चिवट होते. त्याचे सात पातळ थर गोंद लावून साच्यात दाबले जातात. सामान्यतः पाच थरांचे तंतू लांबीच्या दिशेने आणि दोन थरांचे आडवे असतात. उभे थर वाकण्याचा ताण पेलतात आणि आडवे थर डेकला उभी चीर जाऊ देत नाहीत. खेळण्यांच्या दुकानांतल्या स्वस्त बोर्डांवर कधी कधी नऊ थर असल्याचे ठळकपणे लिहिलेले असते, पण लाकूड मऊ असेल तर थर वाढवून डेक केवळ जड होतो. त्याची शेपटी (टेल, म्हणजे मागचे टोक) जमिनीवर आपटली की बोर्ड उसळून वर यायला हवा, ती उसळी त्यात नसते. ती नसेल तर ऑली (हात न लावता बोर्डसह मारायची उडी) शिकणे विनाकारण कठीण जाते आणि शिकणारा दोष स्वतःला देत राहतो. अशा बोर्डांचे ट्रकही अनेकदा प्लॅस्टिकचे असतात, त्यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये.

शक्य असल्यास डेक हातात घेऊनच विकत घ्यावा. अनेक कारखान्यांत एका साच्यात एकावर एक असे बरेच डेक एकदम दाबतात, त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन डेकच्या मधल्या खोलगटपणात, म्हणजे कॉनकेव्हमध्ये, थोडा फरक पडतो. डेक डोळ्यांसमोर आडवा धरून नोजकडून (पुढच्या टोकाकडून) टेलकडे पाहावे. दोन्ही टोके एका पातळीत दिसली पाहिजेत, एखादी बाजू पिळवटलेली असेल तर बोर्ड सतत एकीकडे ओढतो. कडेवरचे थर बोटाने तपासावेत; कुठे फट किंवा पोकळी असेल तर तो डेक परत ठेवावा. मधला खोलगटपणा मध्यम असावा. खोल कॉनकेव्हमध्ये पाय कडेला छान अडकतो आणि फ्लिप चपळ होतात. सुरुवातीला मात्र पायांची जागा वारंवार बदलावी लागते आणि त्यासाठी उथळ ते मध्यम आकारच सोयीचा पडतो. बहुतेक डेकमध्ये नोज टेलपेक्षा किंचित लांब आणि अधिक उंच असते, तेव्हा ग्रिप टेप (पाय घसरू नये म्हणून वर चिकटवायचा खरबरीत कागद) लावण्यापूर्वी दोन्ही टोके ओळखून खूण करून ठेवावी. खालच्या चित्रासाठी जास्त पैसे देऊ नयेत, कारण रेलिंगवर घासू लागलात की ते काही आठवड्यांत निघून जाते.

आवारातले डांबर किंवा पेव्हर ब्लॉक खडबडीत असतील तर ९९ए कडकपणाची चाके दातांपर्यंत हादरे देतात. सुरुवातीला ५४ मिलिमीटरची, ९५ए च्या आसपासची चाके घ्यावीत. पार्कमध्ये नियमित जाऊ लागल्यावर कडक चाके बसवता येतील.

पुण्यात जून ते सप्टेंबर हे महिने डेकसाठी सर्वांत वाईट असतात. मेपल कडांमधून आणि स्क्रूच्या छिद्रांमधून पाणी शोषते, थर सुटू लागतात, उसळी कायमची जाते आणि बेअरिंगही गंजतात. ओल्या जमिनीवर बोर्ड नेऊच नये. भिजलाच तर कोरड्या कापडाने पुसून पंख्याखाली ठेवावा, कडक उन्हात नव्हे, कारण एका बाजूने वाळलेले लाकूड वाकते. याच कारणाने उन्हाळ्यात बंद गाडीच्या डिकीतही तो ठेवू नये.

मित्राच्या डेकबद्दल माझे उत्तर नाही असे आहे. ७.७५ इंच आपल्या पावलाला अरुंद आहेच, शिवाय डेक ही झिजणारी वस्तू आहे. टेलचे टोक घासून धारदार झाले असेल आणि ट्रकच्या स्क्रूंभोवती बारीक चिरा दिसत असतील, तर तो एखाद्या उडीत पायाखाली मोडू शकतो. मात्र त्याच बोर्डचे ट्रक धातूचे आणि सरळ असतील, तर ते वेगळे मागून पाहावेत. ट्रक अनेक डेक पुरतात, आणि त्यांचा आस ८ इंच भरला तर ८.२५ च्या डेकखालीही ते चालतील. मोजपट्टी घेऊन जावे आणि आसाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजावे.