शेतात मेंढरं बसवल्याने खरंच फायदा होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनंतर शेती तुमच्याकडे आली. उन्हाळ्यात मेंढपाळ "मेंढरं बसवायची का?" म्हणजे खतासाठी रात्री कळप तुमच्या रानात बसवायचा का, असं विचारत येतात, पैसेही मागतात. त्याने खरंच काही होतं, की जुनी रीत म्हणून चाललंय? आणि एवढी मेंढरं हे लोक लोकरीसाठी पाळतात का?

होतं की. पण मेंढरं बसवली आणि रान तसंच सोडून दिलं, तर निम्मं वाया जातं. हे मी स्वतःचं घालवून शिकलोय.

आमची जमीन पुरंदर तालुक्यात. खरिपाला बाजरी आणि वाटाणा, पाणी राहिलं तर मागून कांदा. दिवाळी झाली की बारामती, फलटण, माण या तालुक्यांकडचे वाडे आमच्या वाटेने पश्चिमेला जातात, काही घाट उतरून कोकणात भाताच्या रिकाम्या रानात. पाऊस तोंडावर आला की परत फिरतात, कारण दख्खनी मेंढराला तिकडचा पाऊस आणि चिखल सोसत नाही, खुरं कुजतात. वाडा म्हणजे मेंढरं, माणसं, घोडी, कुत्री मिळून चालता संसार. घोडीवर भांडीकुंडी, तिच्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि एखाद्या पिशवीतून डोकं बाहेर काढलेलं कालचं कोकरू.

आमच्याकडे हे वाडे परतीच्या वाटेवर, नांगरट झालेल्या रानात बसतात. सांजच्याला वाघर लावतात. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण. मेंढरं आत घेतात आणि ती एकमेकांना खेटून रात्रभर रवंथ करत बसतात. एका मेंढराला साधारण एक चौरस मीटर जागा धरा. पाचशेचा वाडा असेल तर एका रात्रीत पाच-सहा गुंठे होतात. दुसऱ्या दिवशी वाघर पुढे सरकवायची. एकरभर रान बसवायला सात-आठ रात्री लागतात.

आता खताचं. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं, मेंढीच्या लेंडीखतात तीन टक्क्यांच्या आसपास. स्फुरद एक टक्का, पालाश दोन. शिवाय खत विकत आणलं तर फक्त लेंड्या मिळतात, मूत मिळत नाही. जनावर नत्राचा मोठा वाटा आणि पालाशाचा बहुतेक वाटा मुतावाटे टाकतं. मेंढरं बसवली की ते थेट मातीत मुरतं. वाहतूक नाही, पसरायची मजुरी नाही. म्हणून "त्यापेक्षा ट्रॉलीभर लेंडीखत घेतो" हा हिशेब मला पटत नाही.

पण मुरलेलं नत्र उन्हात राहत नाही, वायू होऊन उडतं. सकाळी मेंढरं उठल्यावर रानात जो डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तो तुमचे पैसे हवेत चालल्याचा वास समजा. पहिल्या वर्षी मी मेंढरं बसवून महिनाभर रान तसंच ठेवलं, पाऊस पडला की बघू म्हणून. लेंड्या वाळून खडखडीत झाल्या, वळवाच्या पहिल्या सरीने निम्म्या उताराला बांधाशी जाऊन साठल्या. बाजरी इतर रानापेक्षा उन्नीस-बीस. मी सगळीकडे सांगत सुटलो की हे थोतांड आहे. पुढच्या खेपेला वाड्यातल्या म्हाताऱ्यानेच झापलं, "पाव्हणं, आमची मेंढरं उठली की तुमचा कुळव चालाय पायजे." तेव्हापासून वाघर सरकली की त्याच दिवशी हलका कुळव मारतो. खोल नांगर घालायचा नाही, वरच्या तीन-चार बोटं मातीत मिसळलं की पुरे.

उलटी चूकही होते. एका साली वाड्यातली बाई आजारी पडली, वाडा चार रात्री एकाच जागी अडकला. आम्ही खूश, फुकटचं खत! त्या तुकड्यातली बाजरी माजली, डोक्याच्या वर गेली आणि भाद्रपदातल्या पावसात सपाट लोळली. वाटाण्याच्या रानात तर मी मेंढरं बसवतच नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र घेतात, वरून आणखी दिलं की नुसता वेल वाढतो आणि शेंगा कमी लागतात. बाजरी, कांदा, ऊस असल्या खादाड पिकांच्या रानात बसवा.

पैशाचं म्हणाल तर प्रत्येक गावचा दर वेगळा. आमच्याकडे मेंढरांच्या शेकड्यावर आणि रात्रींवर ठरतो, त्यात काही रोख, काही धान्य. मी घासाघीस करत नाही. रात्री लांडगा येतो म्हणून ती माणसं उघड्या रानात जागी असतात, आणि आपण घरी झोपलेलो असतो. तुमची जबाबदारी एवढीच की पाणी कुठे आहे ते दाखवा, आणि शेजारच्या रानात फवारणी झाली असेल तर आधी सांगा. कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे असतील तर तेही सांगा. ते खाऊन किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागली तर जनावर उभ्या जागी आडवं होतं.

लोकरीचं उत्तर: नाही, आता नाही. घर चालतं ते कोकरं आणि मेंढे विकून, मटणासाठी. दख्खनी मेंढराची लोकर राठ आणि थोडी, बहुतेक काळी. स्वेटरच्या कामाची नाही. वर्षातून दोनदा कातरतात, कारण नाही कातरली तर जनावराला त्रास. तिचा खरा उपयोग घोंगडीचा. सनगर लोक ती पिंजून, सूत कातून, ताण्याला चिंचोक्याची खळ लावून हातमागावर विणतात. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. त्याची घोंगडी मऊ असते आणि महागही. आमच्या आजोबांची घोंगडी साधी होती. रात्री पाण्याची पाळी असली की ते डोक्यावर तिची खोळ करून जायचे आणि झिमझिम पावसात कोरडे परत यायचे. मात्र एकदा पुरती भिजली की तीन दिवस वाळायची नाही, दोन माणसांशिवाय उचलायची नाही. भिजत घोंगडं का म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

रीतीभातीचा विषय काढलात म्हणून सांगतो. जेजुरीचा गड चढताना अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. ती धनगराची लेक. तिच्यासाठी खंडोबा राजपद टाकून तिच्या बापाकडे मेंढरं राखायला राहिला, अशी कथा आहे. तुकोबांच्या पालखीभोवती काटेवाडीला मेंढरांचं रिंगण होतं. जमलं तर एकदा बघा. मेंढरं पालखीभोवती गोल धावायला लागली की धुळीत मागची पुढची कळत नाहीत.

एक तोटाही सांगून ठेवतो. मेंढरं बाभळीच्या शेंगा खातात आणि बिया लेंडीतून जशाच्या तशा बाहेर पडतात. पावसाळ्यात रानभर बाभळीची रोपं उगवतात, पहिल्या खुरपणीला काढावी लागतात. मी बांधावरच्या दोन ठेवल्या होत्या. आता चांगल्या वाढल्यात. म्हातारा परतीच्या वाटेवर घोडी तिथेच बांधतो आणि काठीने शेंगा झोडून कोकरांना घालतो.