“काहीच खात नाही हो!” : ताटापुढची आई आणि घरातली धास्ती

जून महिन्यात बालवाड्या सुरू झाल्या, की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तक्रारींना एक ठरावीक वळण लागते. डबा जसाच्या तसा परत येतो, जेवायला दीड दीड तास लागतो, मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि या सगळ्याचा शेवट एकाच वाक्याने होतो: “काहीच खात नाही हो मॅडम.” कोल्हापूर शहरातल्या पेठांतून येणाऱ्या आया हे सांगतात, तसेच कागल आणि पन्हाळ्याकडून एसटीने येणाऱ्या आयाही सांगतात. त्यांपैकी एका घराचा अनुभव, ओळखीच्या खुणा बदलून, येथे मांडत आहे.

मुलगा साडेतीन वर्षांचा होता आणि घर एकत्र होते. आजोबांनी तरुणपणी लाल मातीत घाम गाळलेला असल्यामुळे घरात खुराकाला देवपूजेइतकेच महत्त्व होते. अशा घरातला पहिला नातू अंगाने किरकोळ निघाला होता. “पैलवानाच्या घरात असलं काटकुळं पोर कसं?” हा प्रश्न येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारत असे आणि विचारताना पाहत असे ते सुनेकडे.

आईने पहिल्याच भेटीत मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. मुलगा भिंतीला टेकून बसलेला होता, त्याच्यासमोर स्टीलच्या डब्याला टेकवून उभा केलेला दुसरा मोबाईल होता आणि आई वरण-भात भरवत होती. मुलाचे तोंड उघडत होते, पण भाताकडे त्याची नजर एकदाही गेली नाही. घास गालात तसाच धरून ठेवलेला होता. मी तिला ती फीत पुन्हा लावायला सांगितली आणि या वेळी मुलाकडे न पाहता स्वतःच्या हाताकडे पाहायला सांगितले. पहिला घास गिळून व्हायच्या आत दुसरा घास बोटांत तयार होता आणि तो हात मुलाच्या हनुवटीपाशी थांबून राहिला होता. तिने फीत बंद केली. “मी त्याला श्वासच घेऊ देत नाही,” ती हळूच म्हणाली.

पुढे काही करण्याआधी मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. न जेवणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा माझा नियम आहे, कारण भूक मंदावण्यामागे आजार असेल तर समुपदेशनाने तो बरा होत नाही. मुलाचे वजन १३.४ किलो भरले. साडेतीन वर्षांच्या मुलग्याचे सरासरी वजन १५ किलोच्या थोडे वर असते, तेव्हा तो सरासरीपेक्षा कमी होता, पण निरोगी मर्यादेच्या आत होता. मागच्या वर्षभरात त्याचे वजन पावणेदोन किलोंनी वाढलेही होते. हिमोग्लोबिन मात्र ९.४ आले. या वयात ते ११ च्या खाली गेले, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. आपल्या देशात पाच वर्षांखालच्या सुमारे ६७ टक्के मुलांमध्ये तो आढळतो, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदले गेले आहे. डॉक्टरांनी जंताचे औषध आणि लोहाचे सिरप सुरू केले.

मग मी आईला मुलाच्या पोटात दिवसभरात जे जे जाते, ते आठवडाभर लिहायला सांगितले. जेवण नव्हे, पोटात जाणारे सगळे. वही उघडली तेव्हा ‘काहीच खात नाही’ या वाक्याचा उलगडा झाला. सकाळी उठल्याबरोबर एक पेला दूध, बालवाडीतून आल्यावर एक, संध्याकाळी आजोबा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरून (जेथे म्हशीचे दूध गिऱ्हाइकासमोर काढून देतात) आणत ते एक, आणि “रात्री उपाशी झोपायला नको” म्हणून झोपताना एक. पेला दोनशे मिलिलीटरचा धरला, तरी आठशे मिलिलीटर म्हशीचे दूध झाले. त्यातून सुमारे आठशे कॅलरी मिळतात आणि या वयाच्या मुलाची दिवसाची एकूण गरजच हजार ते तेराशे कॅलरींच्या आसपास असते. त्यावर बिस्किटे आणि आजीच्या बशीतला चहा-खारी. भाकरी-भाजीला भूक उरणार कुठून?

कोल्हापुरात दुधाविरुद्ध बोलणे सोपे नाही आणि मला दुधाविरुद्ध बोलायचेही नाही. परंतु दुधात लोह अगदी थोडे असते, त्यातले कॅल्शियम इतर अन्नातले लोह अंगी लागू देत नाही आणि पोट भरल्यामुळे लोह देणारे अन्न ताटात तसेच राहते. एक वर्षानंतर मुलाला दिवसाला चारशे ते पाचशे मिलिलीटर दूध पुरेसे होते. कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध लहान मुलांना तसेच पाजण्याची हौस आपल्याकडे अजून आहे. कच्च्या दुधातून क्षयरोग, ब्रुसेलोसिस आणि जुलाबाचे जंतू जाऊ शकतात, म्हणून कितीही ताजे आणि ओळखीच्या गवळ्याचे असले, तरी दूध उकळूनच द्यावे.

येथवरचा भाग माहितीचा होता आणि माहिती कोणीही देऊ शकतो. ती दिल्यावरही आईला रात्रीचा पेला बंद करता येईना. माझे खरे काम तेथून सुरू झाले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझी निष्ठा आहे. माणसाला केवळ घटना अस्वस्थ करत नाही, त्या घटनेविषयी तो स्वतःशी जे बोलतो ते अधिक अस्वस्थ करते, हा त्या पद्धतीचा गाभा मला रोजच्या कामात खरा ठरताना दिसतो. म्हणून मी विचारले, “आज रात्री दूध दिले नाही, तर काय होईल?”

“तो उपाशी झोपेल.”

“समजा झोपला. पुढे?”

“वजन कमी होईल.”

“एका रात्रीत नाही होणार. पण तेही झाले असे धरू. मग?”

बराच वेळ ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “मग सगळे म्हणतील, हिला एक पोर धड सांभाळता आलं नाही. आणि मलाही तसंच वाटेल. त्यानं ताट संपवलं की त्या दिवशी मी चांगली आई असते, मॅडम.”

या क्षणी घाई करायची नसते, हे मी या कामातूनच शिकले आहे. मी तिला सांत्वनाचा शब्द दिला नाही. फक्त म्हणाले, “म्हणजे तो रोज दोन भुका भागवतोय. एक त्याची आणि एक तुमची.” ती रडली, आणि त्या रडण्यात मला सुटकेचा भाग अधिक दिसला. मुलाने नीट जेवावे ही इच्छा रास्तच आहे. तिचे रूपांतर ‘त्याने जेवलेच पाहिजे, नाहीतर मी नालायक’ अशा हट्टात होते, तेव्हा आईच्या हाताला घाई सुटते, आणि मुलाला ती घाई घासाच्या चवीआधी कळते. त्याच्यापुरता जेवण हा कुस्तीचा फड होतो, आणि तोंड मिटणे हा त्याच्या हातात असलेला एकमेव डाव असतो.

पुढच्या बैठकीला मी आजोबांना बोलावले. ते अनिच्छेने आले, खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, “आमच्या वक्ताला असलं काय नव्हतं, मॅडम. दोन कानाखाली दिल्या की पोरगं गप जेवायचं.” मी वाद घातला नाही. मी त्यांना तालमीविषयी विचारले. नवखे पोरगे तालमीत आले, की वस्ताद पहिल्या दिवशी किती जोर-बैठका मारायला लावतात?

त्यांचा चेहरा खुलला. “अंगाला झेपतील तेवढ्याच. पयल्या दिवशी शंभर मारायला लावल्या, तर दुसऱ्या दिवशी ते तालमीचं तोंड बघत न्हाई. वस्तादानं आखाडा खणून ठेवायचा, येळ पाळायची, बाकीची पोरं घुमताना त्याला बघू द्यायचं. रग त्येची त्येला लागते.”

“आणि नाही घुमला एखाद्या दिवशी?”

“तर न्हाई घुमला. जाईल कुठं? उद्या ईल की.”

त्यांनी वाक्य पूर्ण केले आणि सुनेकडे पाहिले. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, “म्हंजे ताटावर बी तसंच करायचं म्हणताय व्हय?” गुरुस्थानी असलेल्या माणसाला त्याच्याच अनुभवातले शहाणपण परत मिळवून दिले, तर घर बदलते, हे मी अनेक कुटुंबांत पाहिले आहे. पुस्तकातला कोणताही दाखला त्या घरात इतका चालला नसता.

त्यानंतर घराने जे केले, ते सांगण्यासारखे आहे. काय शिजवायचे, किती वाजता वाढायचे आणि कोठे बसायचे हे मोठ्यांनी ठरवायचे; त्यातले काय आणि किती खायचे हे मुलाने ठरवायचे. तीन जेवणे आणि मधल्या वेळची दोन खाणी, दर दोन वेळांमध्ये अडीच-तीन तासांचे अंतर आणि त्या अंतरात फक्त पाणी. दूध दोन लहान कप, तेही खाण्याच्या वेळी. झोपतानाचा पेला आठवडाभरात थोडा थोडा कमी करत बंद. सगळे एकत्र जमिनीवर जेवायला बसणार, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि मुलाच्या ताटात प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षाला एक चमचा या हिशेबाने, म्हणजे तीन-साडेतीन चमचेच. कमी वाढलेले मूल मागून घेते. भरलेले ताट पाहून ते पाठ फिरवते. अर्ध्या तासाने ताट न बोलता उचलायचे. ‘शाब्बास’ नाही, ‘बघ हं, पोलीस येतील’ नाही आणि ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ हेही नाही, कारण त्या लालुचीतून भाजी ही शिक्षा आहे, एवढेच मूल शिकते. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, तेव्हा तो चाखला जातो.

पहिले काही दिवस कठीण गेले. मूल रात्री दुधासाठी रडले आणि आजीचा जीव कासावीस झाला. येथे आईला आधार दिला तो एका साध्या माहितीने. जन्माला येताना तीन किलोचे असलेले बाळ वर्षभरात नऊ किलोंचे होते, दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलोंची भर पडते आणि दोन ते पाच या वयात वर्षाला साधारण दोन किलो. वाढीचा वेग असा उतरतो, तेव्हा त्या मानाने भूकही उतरणारच. पहिल्या वर्षीची भूक मनात धरून बसलेल्या आईला हे वय आजारी वाटते.

लोहासाठी वेगळे काही आणावे लागले नाही. मेथी-शेपूची भाजी, डाळी, नाचणीची आंबील, अंडे, आणि शेजारी लिंबाची फोड किंवा पेरू, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतले लोह शोषले जाते. रविवारच्या मटणाचे अळणी पाणी मुलांना देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. चव त्या पाण्यात असली, तरी लोह मुख्यतः मांसात असते, म्हणून मऊ शिजवलेला खिमा द्यावा. गुळावर विसंबू नये. रक्त वाढण्याइतके लोह मिळायला जेवढा गूळ खावा लागेल, तेवढा मुलाला देणे योग्य नाही. चहा मात्र पूर्ण बंद केला, कारण त्यातले टॅनिन लोह अडवते.

जबरदस्तीने भरवण्याची एक बाजू मी प्रत्येक पालकाला आवर्जून सांगते. रडणाऱ्या, हसणाऱ्या, पळणाऱ्या किंवा आडव्या झालेल्या मुलाच्या तोंडात घास कोंबला, तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. भडंगातले अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे आणि कच्च्या गाजराचे तुकडे चार-पाच वर्षांपर्यंत देऊच नयेत. शेंगदाण्याचे कूट द्यावे, द्राक्षे उभी चिरून द्यावीत. एक वर्षावरच्या मुलाच्या घशात काही अडकले आणि त्याला खोकता किंवा बोलता येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात, तेवढ्याने न निघाल्यास पाठीमागून कवेत घेऊन बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर दाब द्यावा, हे आळीपाळीने करत राहावे आणि दुसऱ्याने लगेच १०८ क्रमांकाला फोन करावा. घशात न दिसणारी वस्तू बोटाने चाचपडत काढू नये, ती आणखी खोल जाते.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झाले. वजन जेमतेम अर्ध्या किलोने वाढले होते आणि मुलगा अजूनही किरकोळच आहे. आईने या वेळी वही आणली नव्हती. आता जेवायला किती वेळ लागतो, असे विचारल्यावर ती म्हणाली, “माहीत नाही मॅडम. मीही त्याच वेळी जेवत असते.”

हा अनुभव वाचून कोणी परस्पर आपल्या घरी नियम लावण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात. वजन घटत असेल किंवा सलग काही महिने तेथेच अडकले असेल, मूल गिळताना कळवळत असेल, वारंवार ताप किंवा खोकला असेल, जेमतेम चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच तोंडाला लावत नसेल, माती, खडू किंवा भिंतीचा पोपडा खात असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वजन पाहण्यासाठी खर्च करण्याची गरज नाही. अंगणवाडीत ते दर महिन्याला मोफत होते आणि माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात नोंदवून मिळते. शेजारच्या मुलाकडे पाहण्याऐवजी त्या आलेखातली आपल्या मुलाची रेषा वर चढते आहे की नाही, तेवढे पाहावे.