भिशीची वही कुठाय?

मावशी, माझी आई ७३ वर्षांची, सोलापूरच्या पूर्व भागातली. आजीला अल्झायमर होता, म्हणून अमेरिकेतल्या भावाने आग्रहाने आईच्या मेंदूचा पेट स्कॅन करवला. अमायलॉइड निघालं, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठतं ते प्रथिन. स्मरणशक्तीच्या चाचण्या मात्र अगदी चांगल्या आल्या. डॉक्टर म्हणाले, वर्षाने पुन्हा दाखवा. मी धसकाच घेतला आणि तिला पुण्याला घेऊन आले. बँक, गॅस, तिची ती भिशी, सगळं बंद केलं. टॅबवर ब्रेन गेम्स लावून दिलेत, ती हात लावत नाही. दोन महिन्यांत गप्प गप्प झालीय. सुरुवात झाली असेल का? अजून काय करू?
– हैराण लेक, पुणे

अगं लेकी,

‘तिची ती भिशी’ एवढ्यावर तू उरकलंस. मी तिथेच अडकलेय.

पूर्व भागातली भिशी मी पाहिलीय. अठरा बायका, दीड हजाराचा हप्ता, म्हणजे महिन्याला सत्तावीस हजार. कुणी आधी उचललीय, कुणाचा नंबर राहिलाय, कुणाच्या घरी लग्न आहे म्हणून तिला या महिन्यात द्यावी लागेल, कोण दर वेळी ‘परवा देते’ म्हणते. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, कुणाचं तरी नातवंड चिठ्ठी काढणार, आणि तुझी आई मांडीवर वही घेऊन एकीशी तेलुगूत, दुसरीशी मराठीत, तिसरीशी कानडीत बोलणार. हे सगळं तू काढून घेतलंस आणि वर रंगीत फुगे फोडायचा टॅब दिलास! मीही हात लावला नसता.

अमेरिकेत डेव्हिड स्नोडन या संशोधकांनी १९८६ साली जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती नन्सचा, अभ्यास सुरू केला. पुढे त्यात ६७८ जणी आल्या. दर वर्षी चाचण्या द्यायच्या आणि मेल्यावर मेंदू दान करायचा, असा करार. त्यातल्या सिस्टर मेरी शंभरी पार करून गेल्या, शेवटपर्यंत चाचण्यांत हुशार. मेंदू उघडून पाहिला, तर अल्झायमरच्या खुणा, म्हणजे त्याच अमायलॉइडची पुटं आणि पेशींतले गुंते, भरपूर. त्या चौऱ्याऐंशीपर्यंत शिकवत होत्या. रॉबर्ट कॅट्झमन या मेंदूतज्ज्ञांनाही १९८८ मध्ये असेच दहा जण सापडले होते. मेंदूत आजाराच्या खुणा, पण हयातीत वागण्याबोलण्यात काहीच नाही. त्यांचे मेंदू इतरांपेक्षा वजनदार होते. म्हणजे काहींकडे मुळात शिल्लकच जास्त असते. आणि काहींचा मेंदू नेहमीची वाट बुजली की बोळातून वाट काढतो. बोळ माहीत असायला मात्र आयुष्यभर हिंडलेलं असावं लागतं.

आता तुझ्या आईच्या जवळचं सांगते. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष २०१३ साली छापून आला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा आजार दिसला. शाळेची पायरी न चढलेल्यांतसुद्धा हा फरक होता. आजार टळला असं कुणी म्हणत नाही, उशिरा आला एवढंच. पण साडेचार वर्षं म्हणजे चोपन्न भिशा, मोजून बघ.

पुण्यात तिच्याशी तेलुगू कोण बोलतं? तू तर पत्रात ‘गप्प झालीय’ म्हणतेस, जशी काही ती आपण होऊन झाली. बोलायला माणूस नाही, हाताला काम नाही, गॅसजवळ गेली की तू धावतेस. मला दोन महिने असं ठेवलंस तर मी भिंतीशी भांडायला लागेन.

तुझी भीती खोटी नाही. स्कॅनमधलं अमायलॉइड खरं आहे. अशी शिल्लक असलेल्या माणसाला आजार एकदा दिसू लागला की पुढची उतरण पुष्कळदा वेगात होते, तेही खरं. मग हातात आहेत ते दिवस तुझ्या हॉलमधल्या सोफ्यावर कशाला घालवायचे? अमायलॉइड असूनही पुढे कधीच आजार न दिसलेली माणसंही आहेत. तुझी आई कुठल्या बाजूची, ते आज कुणालाच सांगता येणार नाही.

‘हिशोब चुकला तर?’ हे तू लिहिलं नाहीस, पण मनात तेच आहे. चुकू दे. अठरा बायकांना आपापला नंबर तोंडपाठ असतो. शंभर रुपये इकडचे तिकडे झाले तर स्कॅनच्या आधी त्याच ओरडतील. त्यांच्यापैकी एकीचा नंबर घेऊन ठेव, पुरे. वर्षाने डॉक्टर आहेतच, जाताना ब्लड प्रेशर आणि कान दोन्ही तपासून घे.

येत्या भिशीच्या आधीच्या संध्याकाळचं हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढ. एकच काढ, तू बरोबर जायचं नाहीस. भावाला मी सांगितलं म्हणून सांग. टॅब तुझ्या मुलाला दे.

आणि निघण्याआधी ती वही तिच्या हातात ठेव. कुठे ठेवलीयस ते आठवत नसेल, तर आईला विचार.

– मावशी